पाहुण्यांचा पूर्ण परिचय

बेहरूज आमची वरची खोली बघायला आला तेव्हा त्यानं भाडं विचारलं नाही, नळाला पाणी कधी येतं तेही विचारलं नाही. "खोलीला दरवाजे किती हायत?" एवढंच विचारलं. एक जिन्याकडचा आणि एक मागच्या गच्चीवर उघडणारा, असे दोन आहेत म्हणून सांगितलं. त्यानं दोन्ही उघडून पाहिले. गच्चीवरून शेजाऱ्यांच्या माळवदावर उतरता येईल का तेही वाकून पाहिलं. मग म्हणाला, "बराबर हाय. मी राहते."

हे 'राहते' ऐकून माझी बायको कांता पदर तोंडाला लावून आत गेली. बेहरूज इराणचा. पीएचडी करायला इकडच्या विद्यापीठात आला आणि नंतर जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत काकडीचे नवे वाण तयार करायच्या कामावर लागला. कंपनीचं प्रयोगाचं शेत आमच्या तीर्थपुरीच्या शिवारात होतं. तिथं शेडनेटमध्ये भलता पराग पडू नये म्हणून फुलांना कागदाच्या टोप्या घालणाऱ्या सगळ्या बायका, आणि मराठी तो त्यांच्याकडूनच शिकलेला. त्यामुळे 'मी येते', 'मी जेवली' असं बिनदिक्कत बोलायचा. पुढे वर्षभरात ते सुधारलं. पण घाबरला की गडी पुन्हा बायकांसारखा बोलू लागायचा. म्हणून तो कधी घाबरलाय ते आम्हाला लगेच कळायचं, आणि तो पुष्कळदा घाबरलेला असायचा.

वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, जरासा पोक काढून चालणारा. डोक्यावर कायम शेतावरची कापडी टोपी. गावात त्याला 'काकडीवाले साहेब' म्हणत. हॉटेलात बसला तर भिंतीला पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून बसायचा. फोटोचा त्याला विलक्षण तिटकारा. आमच्या पुतणीच्या लग्नात फोटोग्राफर आमच्या पंगतीकडे वळला, तसा हा भरल्या ताटावरून उठला आणि आचाऱ्याच्या तंबूत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी तो जेवला तो आचाऱ्यांसोबत, परातीजवळ उकिडवं बसून. कांताला याचं फार वाईट वाटलं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. उभी हयात नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. आमच्या घरात देव नाहीत. वडलांनी धर्मांतरानंतर घेतलेली संविधानाची प्रत आहे आणि तिला कपाटातला वरचा कप्पा आहे. मूलभूत हक्क, राज्यसभेची रचना, राष्ट्रपतींचे अधिकार हे मला झोपेतून उठवून विचारा. असा माणूस आणि असा भाडेकरू एका घरात आल्यावर गप्पा कशावर होणार? पण बेहरूज स्वतःचं मत कधी द्यायचा नाही. "तुमच्याकडे पुढे कसलं सरकार यावं असं तुम्हाला वाटतं?" असं मी शंभरदा विचारलं असेल. तो दर वेळी हसून म्हणायचा, "सर, मी काकडीचा मानूस."

मत द्यायचा नाही, पण वाद मात्र त्याच्याच खोलीत व्हायचा. महिन्यातून एका रविवारी सकाळी दोघं जण त्याच्याकडे येत. एक आगाजान, सत्तरीचे, पुण्यात बेकरी चालवणारे. त्यांचे वडील शाहच्या सैन्यात होते आणि राजवट उलटल्यावर कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलं होतं. दुसरी नसरीन, संभाजीनगरला औषधशास्त्रात संशोधन करणारी तिशीतली मुलगी. आगाजानना राजा परत हवा होता. राजानं झेंड्यासारखं वर राहावं, कारभार निवडून आलेल्यांनी करावा, पण देश एकत्र धरायला वर एक घराणं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नसरीन चवताळून उठायची. जो जन्मानं येतो त्याला काढायचं कसं, असा तिचा प्रश्न असायचा. तिला प्रजासत्ताक हवं होतं, धर्म सरकारच्या बाहेर हवा होता, आणि तिची आई कुर्द असल्यामुळे प्रांतांना आपापली विधानसभाही हवी होती. तसं केलं तर देशाचे तुकडे होतील, असं आगाजान कपाळावर हात मारून सांगायचे. ही भांडणं फारसीत चालत. माझ्यासाठी मध्येमध्ये हिंदी व्हायची आणि उरलेलं बेहरूज मराठीत सांगायचा.

वाद हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. त्यांच्याकडे पाहुण्यांपुढे काकडी ठेवतात, आपण केळी-संत्री ठेवतो तशी. आलेल्यानं सुरीनं सोलायची, मीठ लावायचं, खायची. बेहरूजनं नियम केला की ज्याच्या हातात सुरी त्यानंच बोलायचं, आणि काकडी सोलून झाली की बोलणं संपलं. नसरीन रागाच्या भरात भराभर सोलायची आणि मुद्दा अर्धा राहायचा. आगाजान साल असं काढायचे की त्यातून पलीकडचं दिसावं. एका काकडीत त्यांचा सबंध राजवंश सांगून व्हायचा. शेवटी नसरीननं तक्रार केली आणि बेहरूजनं आगाजानना लहान काकड्या द्यायला सुरुवात केली.

सुरुवातीला यात एक चौथा माणूसही होता. आहे तीच व्यवस्था दुरुस्त करावी, पाडापाडीत लोकांचंच रक्त सांडतं, असं तो म्हणायचा. अगदी सभ्य माणूस. दोन रविवार आला आणि मग यायचा बंद झाला. त्याचा नंबरही लागेना. तो घाबरून गेला, की तिकडच्या सरकारला या तिघांची नावं पोचवायलाच तो आला होता, हे कोणालाच ठरवता येईना. त्या दिवसापासून बैठकीआधी सगळ्यांचे फोन खाली आमच्या ज्वारीच्या कोठीत जाऊ लागले. बेहरूज स्वतः हातानं ज्वारी उकरून ते तळाशी पुरायचा. कांता म्हणायची, "इराणच्या बातम्या ऐकून ऐकून माझी ज्वारी शानी होऊन राह्यली." तो हसायचा, पण एकदा आगाजानांनी उशिरा येऊन तिच्या हातात दिलेला फोन ज्वारीबाहेर राहिला तेव्हा तो तीन दिवस नीट जेवला नव्हता.

एकदा ठाण्यातून हवालदार आला. परदेशी माणसाची कागदपत्रं तपासायची नेहमीची भेट. बेहरूजनं फाइल पुढे केली. हवालदारानं अर्ज भरत विचारलं, "भाऊ-बहीण किती?"

"कोणीच न्हाई. मी एकटी हाय," बेहरूज म्हणाला.

हवालदाराला तो शब्द जाणवलाही नाही. त्याला आपल्या वावरात लावायला काकडीचं चांगलं बी हवं होतं. त्यावर दहा मिनिटं बोलून चहा पिऊन तो गेला. बेहरूज तसाच पायरीवर बसला आणि मग मोरीत जाऊन त्यानं उलटी केली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. इतका शिकलेला, इतका भला माणूस एका अर्जाला इतका भितो, याचा मला तेव्हा थोडा रागच आला होता.

त्याला आमच्या गावातली सगळ्यात अजब वाटलेली गोष्ट म्हणजे दगडूआबा. दगडूआबा आमचे सरपंच होते. त्यांच्यावर अविश्वास ठराव आला, ग्रामपंचायतीसमोर गर्दी जमली, चार शिव्यांची देवाणघेवाण झाली आणि आबा पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बेहरूज माझ्याबरोबर हॉटेलात आला, तर आबा बाकावर बसून बशीत चहा ओतत होते. शेजारी नवा सरपंच. बेहरूज दारातच थांबला.

"सर, हे तेच ना? काल पडलेले?"

"तेच."

"ह्यांना कोणी न्हेलं न्हाई?"

आबांनी ते ऐकलं. "कुठं न्हेतेत साहेब? घरचे बी घेईनात मला," असं म्हणून ते मोठ्यांदा हसले आणि नव्या सरपंचाकडे बोट दाखवून हॉटेलवाल्याला म्हणाले, "आजचा चहा ह्याच्या नावावर. माझी खुर्ची घेतलीय तेनं." बेहरूज हसला नाही. पुढे आठवडाभर तो येताजाता मला विचारायचा, आबा आज कुठं आहेत? घरी आहेत, कांदे लावतायत, असं सांगितलं की मान हलवायचा. एकदा तर मुद्दाम वाकडी वाट करून त्यांच्या वावरात जाऊन बघून आला.

दर शुक्रवारी दुपारी तो गच्चीवर उभा राहून फोनवर पाच मिनिटं बोलायचा. मग खाली येऊन कांताला सांगायचा, "तिकडं पाऊस न्हाई, वहिनी." आम्हाला वाटायचं, शेतीतला माणूस, हवामान विचारत असेल. मग त्या हिवाळ्यात तिकडे लोक रस्त्यावर उतरल्याच्या, गोळ्या चालल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि सगळ्या देशाचं इंटरनेट, फोन बंद झाले. एक शुक्रवार कोरडा गेला. दुसराही गेला. बेहरूज कामाला जायचा, टोप्या घातलेली फुलं मोजायचा, परत यायचा. त्याच्या गालाची हाडं वर आली. दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी तो जिन्याच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्यानं मला माहीनबद्दल सांगितलं.

माहीन त्याची धाकटी बहीण; शुक्रवारी तो तिलाच फोन करायचा, आणि 'पाऊस न्हाई' म्हणजे ती सुखरूप आहे. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून सगळं यानंच केलं होतं. आता ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. काही वर्षांपूर्वीच्या गडबडीत तिच्या वर्गातल्या दोन मुलींना उचललं, तेव्हा ही त्यांची चौकशी करायला गेली. चौकशी करणारीलाच आठ दिवस ठेवून घेतलं. सोडताना लिहून घेतलं की ती स्वतः आणि तिच्या घरातलं कोणीही, देशात असो वा परदेशात, सरकार कसं असावं यावर उघडपणे तोंड उघडणार नाही. उघडलं तर जबाबदारी तिची.

"घरातलं कोणीही म्हंजे मीच," बेहरूज म्हणाला. "दुसरं कोण हाय? सर, मत मला बी हाय. पन माझ्या मताची शिक्षा तिला. म्हनून मी काकडीचा मानूस." मग म्हणाला, "हे फकस्त तुम्हाला सांगून राह्यलो. हवालदाराला बी न्हाई सांगितलं."

"माझ्या पोटात राहील," मी म्हणालो. अगदी छातीवर हात ठेवून म्हणालो.

तिसऱ्या शुक्रवारी फोन लागला. माहीन घरी होती. बेहरूजनं त्या दिवशी शेतातल्या सगळ्या बायकांना जिलेबी आणून खाऊ घातली आणि कशाची ते कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सव्वीस जानेवारी आली. आमच्या वाचनालयात त्या दिवशी संध्याकाळी व्याख्यान असतं. वक्ता ठरवायचं काम माझ्याकडे. माझ्या डोक्यात बेहरूज आला. तो आधी नाहीच म्हणाला. मग फक्त काकडीच्या बियाण्यावर बोलेन आणि फोटो काढायचा नाही, या दोन अटींवर तयार झाला. सभागृहात पन्नासेक माणसं. मी सगळ्यांना मोबाइल खिशात ठेवायला लावले. उद्देशिकेचं वाचन झालं. बेहरूज नर फूल, मादी फूल, कागदाची टोपी यावर अर्धा तास छान बोलला. लोक हसले, माना डोलावल्या. शेवटी मी म्हणालो, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

मागच्या रांगेतून दगडूआबा उठले. "साहेब, काकडीचं समजलं. टीव्हीवर तुमच्या देशाचं बघून राह्यलो आम्ही. मंग तुम्हाला काय पाहिजे तिकडं? राजा का मतदान?"

मी पटकन म्हणालो, विषयाला धरून विचारा. पण बेहरूजनं हात वर केला. टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरली. त्याची मान लाल झालेली मला दिसत होती. मग तो आबांकडे बघून बोलला.

"आबा, माझे दोस्त भांडतेत. एक म्हनतो राजा आना, एक म्हनते अध्यक्ष आना. दोघं विचारतेत, कोन येनार? मी विचारतो, तो जानार कसा? आमच्याकडं जो येतो तो जात न्हाई. मंग त्याला घालवायला मानसं मरतेत, आनि त्याच्या जागी येनारा बी जात न्हाई. तुम्ही पडलात. दुसऱ्या दिवशी हॉटेलात बसून चहा पिऊन राह्यलते. मी बगितलं. मला ते पाहिजे. जुन्याला चहा पिता आला पाहिजे आनि नव्याला त्याच्या बाजूला बसता आलं पाहिजे. राजा असू द्या, अध्यक्ष असू द्या. कागदावर लिहून द्या की तो जानार. बस, एवढंच."

टाळ्या पडल्या. आबांनी डोळे पुसले. मी शाल-श्रीफळ देताना बेहरूजचा हात हातात घेतला. "सर, मी बोलली," तो हळूच म्हणाला. मी म्हणालो, अहो, पन्नास आपलीच माणसं आहेत, घाबरता कशाला.

आता माझं सांगतो. सत्कार झाला की त्याची बातमी मीच लिहितो. कितीतरी वर्षं मीच लिहीत आलोय, जिल्ह्याच्या दैनिकाच्या तालुक्याच्या पानावर 'वार्ताहर' म्हणून छापून येतं. आमच्याकडे सत्कार करून बातमी दिली नाही तर तो पाहुण्याचा अपमान समजतात. फोटो नको ही अट मी कसोशीनं पाळली. बेहरूजचं सबंध नाव, वडलांचं नाव, जन्मगाव, शिक्षण, आणि तो जे बोलला ते शब्द न् शब्द लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी दैनिकाच्या कचेरीतून फोन आला. "सर, पाहुण्यांचा परिचय अर्धवट हाय. विदेशी पाहुणे हायत, पूर्ण पाहिजे. घरी कोण-कोण असतं?"

आणि मी सांगितलं. त्यांची भगिनी माहीन याही तिकडे अमुक शहरात मुलींच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका असून संपूर्ण कुटुंब शिक्षणक्षेत्राशी निगडित आहे. हे वाक्य मला फार सुबक वाटलं होतं. मी तिची गोष्ट विसरलो होतो असं म्हणायला मला आवडेल, पण मी विसरलो नव्हतो. आमच्या घनसावंगी तालुक्याच्या पानावरची बातमी तेहरानात कोण वाचतंय, असं मला वाटलं होतं.

बातमी छापून आली, "जुन्या सत्ताधाऱ्यास चहा पिता यावा: इराणच्या शास्त्रज्ञाचे प्रतिपादन". मी अंक घेऊन वर गेलो. तो शेतावर गेला होता, म्हणून त्याच्या टेबलावर ठेवून आलो. माझा समज, त्याला आनंद होईल.

संध्याकाळी तो खाली आला तो अंक न घेता, फोन घेऊन. बातमी वेबसाइटवर गेली होती. आमच्याच गावच्या मुलांनी अभिमानानं ती सगळीकडे पाठवली होती. ती नसरीनच्या विद्यापीठातल्या ग्रुपवर पोचली, तिथं कोणीतरी फारसीत केली, आणि तिथून ती कुठे गेली ते कोणाच्याच हातात राहिलं नव्हतं. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. उलट्या दिशेनं जाणाऱ्या त्या अक्षरांतलं मला काहीच वाचता येत नव्हतं. एका शब्दावर त्यानं बोट ठेवलं.

"हे माहीन लिहिलंय. सर, तिचं नाव कशाला?"

"परिचय पूर्ण असावा म्हणून," मी म्हणालो.

कांता दारात उभी होती. तिला मी तोवर काही सांगितलेलं नव्हतं, पण तिला सगळं कळलं. "तुमचं पोट केवढं वो," ती म्हणाली, "येवढी एक पोरगी राह्यली न्हाई त्यात?" बेहरूज ओरडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मला श्वास घेता आला असता. तो पायरीवर बसून नुसता फोनकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जालन्याला दैनिकाच्या कचेरीत गेलो. संपादक भला माणूस. त्यानं चहा मागवला, पण आम्ही काय मागतोय तेच त्याच्या लक्षात येईना. "सर, इतकी चांगली बातमी. लोक फोन करून राह्यलेत कौतुकाचे. काढायची कशाला?" मी हात जोडले तेव्हा त्यानं वेबसाइटवरून ती उतरवली. "पण छापलेला पेपर तर वाटून झाला," तो म्हणाला. परतताना एसटीत बेहरूज प्रत्येक थांब्यावर, पेपर वाचणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत होता. अंक कालचा की आजचा ते तो पाहत होता.

शुक्रवारी माहीनचा फोन लागला नाही. शनिवारी तिच्या शेजारणीचा आला. बुधवारी दोन माणसं शाळेत आली आणि माहीनला वर्गातून घेऊन गेली. फळ्यावरचं गणित अर्धं राहिलं होतं, असं ती शेजारीण म्हणाली. रविवारी एका पुरुषाचा फोन आला. अतिशय अदबीनं बोलत होता, असं बेहरूजनं सांगितलं. आपण स्वतः या, बसून बोलू, आपण आलात की बाईंना घरी पोचवतो, असं म्हणाला. वर हेही म्हणाला की आपलं चहाचं भाषण आम्हाला आवडलं.

निरोप मिळताच आगाजान आणि नसरीन धावत आले. त्या दिवशी फोन कोठीत ठेवायचं कोणाला सुचलं नाही. तू जाऊन बहीण सुटणार नाही आणि तूही अडकशील, असं नसरीन रडत सांगत होती. आगाजान त्याचा सदरा धरून तेच सांगत होते. मीही सांगत होतो. कायद्याचा, दूतावासाचा, मानवी हक्कांचा जो जो आधार मला पाठ होता तो सगळा मी बोललो.

बेहरूज सगळ्यांचं ऐकून घेत कपडे घडी करत होता. मध्येच म्हणाला, "तुम्ही दोघं एका मताचे झालेले बगायला मला चार वर्सं लागली." मग आगाजानांच्या हातातून सदरा हळूच सोडवून घेतला. "ती सहा वर्सांची व्हती तवा मी तिला शाळेत सोडून यायचो. ती गेटात उभी राहून बगायची, मी परत येतो का न्हाई. आता बी बगत असंल."

तो गेल्यावर नवव्या दिवशी माहीन घरी आली, असं नसरीनला शेजारणीकडून कळलं. बोलत नाही, शाळेतलं नाव कमी झालं, पण घरी आहे. बेहरूजचं काहीही कळलं नाही. आज इतके महिने झाले, कळलेलं नाही. नसरीन माझा फोन घेते, आगाजान घेत नाहीत.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते शहागडला, हमरस्त्यावर, सकाळी दहाच्या सुमारास. संभाजीनगरची गाडी तिथून धरायची होती. त्यानं आपला फोन आदल्या दिवशी दगडानं फोडून विहिरीत टाकला होता, कारण त्यात नसरीन आणि आगाजान होते. हातात एकच बॅग. ट्रक जात होते, उसाचा रस विकणाऱ्याचं घुंगरू वाजत होतं, आणि मला माफी मागायची होती. सबंध वाटेत मी ती जुळवत आलो होतो. ती ओठावर येईपर्यंत गाडी आली. तो चढला, खिडकीपाशी बसला, काच सरकवून बाहेर वाकला.

"सर, एक विचारायचं राह्यलं. तिकडं ते विचारतील, हे कोणी लिहिलं? पेपरात फकस्त वार्ताहर हाय. मी काय सांगू?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्याकडून काय सांगायचं ते समजून घ्यावं, इतक्या सरळपणे त्यानं विचारलं. मी तीर्थपुरीत राहणारा, पेन्शन खाणारा म्हातारा. हजारो कोसांवरचे ते लोक माझं काय करणार होते? तरी मागे कोणी उभं आहे का म्हणून मी वळून पाहिलं. मग खिडकीच्या गजाला धरून मी हळू आवाजात म्हणालो, "माझं नाव नका सांगू."

त्यानं मान हलवली. जणू मी योग्य तेच बोललो होतो. गाडी हलली तसा त्यानं हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला आणि मला धीर दिला, "भिऊ नका सर. न्हाई सांगनार."